रक्त आपले, पैसे आपले, मग भूल कुणाची?

आमच्या भागात सध्या गुडघ्यांना फार चांगले दिवस आले आहेत. म्हणजे दुखणाऱ्या गुडघ्यांना नव्हे, त्यांच्या जाहिरातींना! रिक्षाच्या पाठीवर, स्टेशनबाहेर हातात कोंबल्या जाणाऱ्या कागदांवर, सोसायटीच्या फलकावर, सगळीकडे एकच वाक्य: ऑपरेशनशिवाय गुडघेदुखीपासून कायमची सुटका. खाली लिहिलेले असते 'पीआरपी', आणि त्याच्याही खाली 'मोफत तपासणी शिबिर'.

उल्हासनगरला 'कॅम्प' हा शब्द नवा नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीतूनच हे शहर उभे राहिले, आणि आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प नंबर एक ते पाच म्हणतो. त्या कॅम्पमध्ये निराधारांना आसरा मिळाला होता. ह्या नव्या कॅम्पमध्ये मात्र म्हाताऱ्या माणसांना गिऱ्हाईक केले जाते, हे मला आज स्पष्ट सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहून शिकवलेली बाई आहे. गुडघे माझेही कुरकुरतात. पण 'बाई सांगतात म्हणून खरे मानू नका, पडताळून पाहा' असे मुलांना सांगण्यात माझी नोकरी गेली. तीच सवय इथे उपयोगी पडते.

आधी हे पीआरपी म्हणजे काय ते पाहू. नाव भारदस्त आहे: प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. डेंग्यूच्या कृपेने प्लेटलेट हा शब्द आता घराघरात पोचला आहे. आपल्याच दंडातून रक्त काढायचे, यंत्रात गरगर फिरवायचे, तांबड्या पेशी वेगळ्या झाल्या की प्लेटलेट जास्त असलेला पिवळसर भाग घ्यायचा आणि तो गुडघ्यात टोचायचा. प्लेटलेटमध्ये जखम भरून काढायला मदत करणारी द्रव्ये असतात, हे खरे आहे. म्हणून ती गुडघ्यातली झीजही भरून काढतील, असा तर्क. तर्क म्हणून तो वाईट नाही. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

गुडघ्यातली ज्याला आपण 'गादी' म्हणतो, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती एकदा झिजली की हाताच्या जखमेसारखी भरून येत नाही. आता कुणी म्हणाले, की आमच्या इंजेक्शनाने गादी वाचते किंवा पुन्हा वाढते, तर ते मोजून पाहता येते. आणि ते मोजले गेले आहे.

ऑस्ट्रेलियात डॉक्टर किम बेनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८८ रुग्ण घेतले. सगळे पन्नाशीच्या पुढचे, गुडघ्यांची झीज सौम्य ते मध्यम. निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शने दिली आणि निम्म्यांना चक्क सलाइन, म्हणजे मिठाचे पाणी. कुणाला काय दिले हे रुग्णांना कळू दिले नाही. वर्षभराने पाहिले. दहापैकी गुण देऊन दुखणे मोजले, तर पीआरपीवाल्यांचे २.१ ने कमी झाले होते आणि मिठाच्या पाण्यावाल्यांचे १.८ ने. हा फरक नगण्य. एमआरआय करून कूर्चा मोजली, तर ती दोन्हीकडे जवळजवळ सारखीच घटली होती. हे संशोधन 'जामा' ह्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झाले.

आता ह्यातली गंमत बघा. मिठाच्या पाण्यानेही दुखणे कमी झाले! म्हणूनच 'आमच्या शेजारणीला फरक पडला' हा पुरावा होत नाही. शेजारीण खोटे बोलत नाही, तिला खरेच बरे वाटले असेल. पण गुडघेदुखी चढते आणि उतरते. अगदी असह्य झाले की माणूस उपाय शोधतो, आणि त्यानंतर ते आपोआपही थोडे उतरणारच असते. शिवाय सुई, यंत्र, पांढरा कोट आणि मोजलेले पैसे ह्यांचाही मनावर परिणाम होतो. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला तर १८० रुग्णांवर असाच प्रयोग झाला होता. काहींच्या गुडघ्याची दुर्बिणीतून साफसफाई केली, काहींना नुसतेच कापून टाके घातले. दोघांनाही सारखेच बरे वाटले.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मीही जाहिरातवाल्यांसारखीच ठरेन. पीआरपीने फायदा दिसला असे सांगणारी संशोधने आहेत. अमेरिकेतल्या हाडांच्या शल्यविशारदांच्या संघटनेने २०२१ मध्ये, पुरावा मर्यादित आहे असे नोंदवून, 'दुखणे कमी होऊ शकते' इतपत म्हटले. ह्याउलट तिथल्याच संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शिका गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी देऊ नये असे ठामपणे सांगते. त्यांचे एक कारण मला फार पटले. प्रत्येक ठिकाणी हे द्रव्य वेगळे निघते. प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी किती, इंजेक्शने किती, ह्याचे ठरलेले प्रमाणच नाही. एकाच नावाखाली बाटलीत निरनिराळे औषध, असा तो प्रकार आहे.

म्हणजे प्रामाणिक वाक्य असे होईल: 'काहींना काही महिने आराम पडू शकतो, पडेलच असे नाही, झीज भरून येत नाही.' असे सांगणारे डॉक्टर आहेत आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण 'कायमची' ह्या शब्दाशी आहे. 'ऑपरेशन टाळा' ह्या भीतीच्या धंद्याशी आहे. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कारकुनांनी दोन महिन्यांचे पेन्शन ह्या इंजेक्शनांवर घातले. त्यांच्या गुडघ्याची झीज शेवटच्या टप्प्याची होती, हाडाला हाड लागलेले. सौम्य झिजेतही जिथे मिठाच्या पाण्याशी बरोबरी झाली, तिथे ह्यांना काय मिळणार होते? आजार रेड्याला आणि औषध पखालीला! पैसे गेलेच, वर वर्षभर दुखणे अंगावर काढले. आता ते रेल्वेचा पूल चढायचा म्हणून मुलीकडेही जात नाहीत.

ऑपरेशनचा बागुलबुवाही जरा तपासून पाहा. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, एक २००० साली आणि दुसरा २००१ साली. त्यानंतर २००४ पर्यंत त्यांनी देशाचा कारभार पाहिला. प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही, धोके असतात, खर्चही असतो. पण २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या प्रकाराची किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरवली, आणि त्यावर कर वेगळा. आपलेच रक्त फिरवून आपल्यालाच टोचण्याच्या दराला मात्र अशी मर्यादा नाही. जो तो आपला दर लावतो.

मग गुडघ्याला उपाय काय? व्यायाम आणि वजन. ह्यावर त्या भांडणाऱ्या संघटनांचेही एकमत आहे. वजन एक किलो कमी झाले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, मांडीचे स्नायू घट्ट करायचे, रोज न चुकता. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यायचे. ह्याची जाहिरात रिक्षावर का दिसत नाही? कारण खुर्ची आपल्या घरचीच असते! जिना चढताना त्रास होणाऱ्या माणसाला कुणी चार आठवडे व्यायाम शिकवला, तर शिबिरवाल्याच्या पदरात काय पडणार?

आपल्याकडे १९५४ पासून आक्षेपार्ह वैद्यकीय जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, आणि त्याच्या यादीत संधिवाताचेही नाव आहे. कायद्याची कलमे वकिलांनी लावावीत. त्यामागचा हेतू सरळ आहे: आजारी माणसाच्या अगतिकतेचा बाजार मांडू नये. सोसायटीचे सभागृह शिबिराला फुकट देणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा.

तोपर्यंत, वाचकहो, शिबिरात गेलातच तर हे प्रश्न वहीत लिहून न्या. माझी झीज कितव्या श्रेणीची आहे, ते कागदावर लिहून द्याल का? ह्या श्रेणीत पीआरपीचा उपयोग होतो असे कोणते संशोधन आहे? सगळी इंजेक्शने मिळून खर्च किती, पावती मिळेल का, आणि माझा विमा तो देईल का? मला मधुमेह आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, ते चालेल का? आणि आधी तीन महिने व्यायाम करून पाहिला तर माझे काही नुकसान आहे का?

शेवटच्या प्रश्नावर जो डॉक्टर 'अवश्य करा' म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा जा. 'आजच बुक करा, सवलत संपते आहे' असे म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा. उठताना गुडघा दुखेल, दुखू द्या. पैसे तरी खिशात राहतील.