कल्याणचे बंदर आणि राजाचा हुकूम

हुकूम एका ओळीचा निघतो आणि पेठच्या पेठ बसते. आमच्या कल्याणचेच पाहा. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात लिहिले आहे की, कल्याण पूर्वी राजमान्य बाजारपेठ होती. पुढे सत्ता पालटली, तेव्हा चुकून इथे लागलेली ग्रीक जहाजेही पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. इथल्या दलाल-हमालांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.

१७ मे २०२५ रोजी बांगलादेशच्या तयार कपड्यांना खुश्कीचा मार्ग बंद झाला. न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे ठरली. स्पर्धा घटेल म्हणून आमच्यातले काही खूष झाले. पण ज्यांचा माल सरहद्दीवर ट्रकांतच अडकला, तेही व्यापारीच ना? बंदर सरकारने जरूर ठरवावे. मात्र वाटेतल्या मालाला महिनाभराची मुदत द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.