देवपूरच्या यात्रेतील एका सकाळीविषयी

मा. जिल्हाधिकारी, धुळे यांस,


पांझरेच्या काठी देवपुरात चैत्रामध्ये एकवीरा देवीची यात्रा भरते आणि ठिकठिकाणची कुळे आपल्या लेकरांची जावळे उतरविण्यास देवीच्या दारी येतात, हे आपल्या दफ्तरी नमूद असेलच. त्या गर्दीत एखादे मूल असे असते की, वस्तरा लागण्यापूर्वीच, नुसता पाण्याचा हात डोक्यावरून फिरताच, ते अंग आक्रसून किंचाळू लागते. कर्णा चढला की दोन्ही कान दाबून धरते. नव्या झबल्याची गळ्याशी आलेली शिवणही त्याला सोसवत नाही. ‘आईने लाडावून ठेवलंय,’ असा निवाडा देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात, आणि जिची काडीचीही कसूर नाही ती माउली पोराचे डोके पदराखाली घेऊन बाजूला होते.

अशा मुलाचे कान तपासले तर ते बहुधा निर्दोष निघतात. इंद्रियांनी आणलेल्या वार्तांची मेंदूत जी छाननी व जुळणी व्हावयाची, ती नीट होत नाही. जीन एअर्स या अमेरिकन विदुषींनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात हा विषय सविस्तर मांडला. स्वमग्न मुलांत ही अडचण विशेष आढळते, परंतु केवळ त्यांच्यातच नव्हे. आणि काहींच्या बाबतीत प्रकार नेमका उलटा, म्हणजे संवेदना तोकडी पडते म्हणून मूल भिंतीवर अंग आदळते, गरगर फिरत राहते. यावर साहाय्य करणारे व्यवसायोपचाराचे शास्त्र आपल्याला परके नाही. त्याची शाळा कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत काढली. वय वाढल्याने ही पीडा सरतेच असे नाही. वरातीतून डोके धरून परतणाऱ्या प्रौढाला आपण तुसडा म्हणतो, एवढाच फरक.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेला स्थान आहे, या अडचणीला स्वतंत्रपणे नाही. म्हणून केवळ तिच्या आधारे दाखला मिळत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मात्र दाखला विचारीत नाहीत. शाळा व रुग्णालयांभोवतीच्या शंभर मीटरांच्या शांतता क्षेत्राची तजवीज त्यांत आहे. तिची अंमलबजावणी झाली तरी पुष्कळ होईल.

यापलीकडे मागणे एकच. यात्रेतील एक सकाळ, सहापासून नऊपर्यंत, कर्णे व ढोलताशे बंद ठेवून जावळांसाठी राखावी. देवीला कर्ण्यावाचून ऐकू येत नाही, असे तिचे परमभक्तही म्हणणार नाहीत. देवस्थानच्या विश्वस्तांशी विचारविनिमय करून आपण येत्या चैत्रापूर्वी तसे जाहीर करावे, ही विनंती.

आपला,
देवपूरचा एक रहिवासी