पट कमी, म्हणून पैसा कमी



ऊसविकासाच्या पानावर शाळेचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण चोपण जमिनीला आपण काय करतो? माती तपासतो, चर काढतो, जिप्सम टाकतो, धैंचा गाडतो. एकरी टन कमी पडले म्हणून तिचे खत तोडा, असे कुठलाही शहाणा गडी म्हणणार नाही. सरकारी शाळांच्या बाबतीत मात्र जवळजवळ तेच चालले आहे.

समग्र शिक्षा योजना 2018 साली सुरू झाली. तिच्यातून शाळेला वार्षिक अनुदान मिळते ते पटावर. 2021 च्या आराखड्याप्रमाणे 30 पर्यंत पटाला 10 हजार, त्यापुढे 100 पर्यंत 25 हजार. आता विजेचे बिल, नळाची तोटी, गळका पत्रा, हे पट वीस असला काय न् चाळीस असला काय, तेवढेच लागते. वाडीवरची शाळा कच्ची राहिली की ऐपतवाले पोरांना इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवतात. पट घसरतो, अनुदान घटते, शाळा आणखी कच्ची होते.

दुसरीकडे पीएमश्री योजना. सप्टेंबर 2022 मध्ये केंद्राने मंजूर केली. 14,500 शाळा, खर्च 27,360 कोटी. शाळांनी ठरावीक निकष पुरे करून स्पर्धेत उतरायचे. म्हणजे जी आधीच बरी, ती पुढे. योजना वाईट नाही, प्रात्यक्षिक प्लॉट आपणही करतो. पण बाकीच्या शिवाराला बेणे कोण देणार?

नुसता पैसा ओतूनही भागत नाही बरं का. अमेरिकेने सर्वांत मागे पडलेल्या शाळांवर अशाच योजनेत सुमारे 7 अब्ज डॉलर घातले. 2017 साली त्यांच्याच शिक्षण खात्याच्या अभ्यासात मुलांच्या गुणांवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. माझ्या मते आधी माती परीक्षण हवे. कोणत्या पोराला वाचता येत नाही, कोणत्या वर्गाला गुरुजीच नाहीत, हे बघून मग पैसा.

हा हिशेब गावातच होऊ शकतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, समितीत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा त्यांनीच करायचा आणि सरकारी अनुदान त्याच्या आधारे मागायचे. आपले किती सभासद या समित्यांवर आहेत! सोसायटीच्या कर्जाचा पै न् पै विचारणारे आम्ही, शाळेचा आराखडा कधी हातात घेतो का?

आणि एक, आपल्याच दाराशी. गळीत हंगामात टोळ्यांबरोबर येणारी लेकरे फडात वाढे गोळा करतात. हंगाम मध्येच सुरू झाला तरी जवळच्या शाळेला त्यांचा प्रवेश नाकारता येत नाही, असे तोच कायदा सांगतो. टोळीची नोंद करताना आमचा स्लिपबॉय मुलांची नावे व वयेही लिहून घेऊ शकतो. यादी गट ऑफिसमार्फत शाळेला पोहोचेल. संचालक मंडळाने येत्या हंगामापूर्वी तेवढा हुकूम द्यावा. कामाला शेतकी खाते तयार आहे.