एकदाच वापरायची दुर्बीण

श्वासमार्गात उतरणारी लवचिक दुर्बीण, म्हणजे ब्रॉन्कोस्कोप, कितीही धुतली तरी तिच्या अरुंद नळीत जंतू दडून राहू शकतात. म्हणूनच जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सुचवले, की संसर्गाचा धोका जास्त असेल तिथे एकदाच वापरायच्या दुर्बिणीचा विचार करावा. आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांतही त्या आल्या आहेत. पण डिस्पोजेबल म्हणजे आपोआप सुरक्षित, हे आम्हाला पटत नाही. ऐन वेळी पडद्यावरचे चित्रच गेले तर? आणि पैसे वाचवायला तीच दुर्बीण धुऊन पुढच्या रुग्णाला वापरली, तर मुद्दाच संपला. तशा धुण्यासाठी ती घडवलेलीच नसते.

या अंकात हा प्रश्न आम्ही भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांच्या बाजूने पाहिला आहे. तुमचे अनुभव, विशेषतः फसलेले, जरूर कळवा.