रोगाचे नाव कळण्याचा हक्क

वैद्यकीय खर्चाचा विचार करताना आपल्याकडे शस्त्रक्रिया, औषधे व रुग्णालयातील वास्तव्य यांचाच हिशेब मांडला जातो. निदानाचा खर्च मात्र किरकोळ समजून बाजूला ठेवला जातो. काही आजारांच्या बाबतीत हा समज कुटुंबाला फार महागात पडतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी अर्थात स्नायुक्षय हा त्यांपैकी एक.

स्नायुक्षय हा एकच रोग नव्हे. भिन्न जनुकांतील दोषांमुळे होणाऱ्या अनेक दुर्मीळ रोगांचा तो समूह आहे. त्यांतील ड्युशेन हा प्रकार साधारणपणे ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकास होतो. चार-पाच वर्षांचे मूल जिना चढताना अडखळते, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकते. प्रथम अशक्तपणा समजून टॉनिक दिले जाते. रक्तात काही विकरे वाढलेली दिसली की यकृताचे उपचार सुरू होतात. वस्तुतः तीच विकरे झिजणाऱ्या स्नायूंतूनही रक्तात येतात. अशा धावपळीत मोलाची वर्षे निघून जातात. कंबर व खांद्यांचे स्नायू दुबळे करणारे काही प्रकार तर बाहेरून इतके सारखे दिसतात की त्यांतील भेद जनुकीय चाचणीविना सांगणे अनुभवी तज्ज्ञांनाही कठीण जाते.

‘रोग बरा होणारच नसेल, तर चाचणीवर पैसे का घालवायचे?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्यामागील गृहीतक बरोबर नाही. रोगाचा नेमका प्रकार कळला म्हणजे हृदय व श्वसन यांची तपासणी केव्हापासून करावी, स्टेरॉइडचा उपयोग होईल की नाही, हे ठरवता येते. काही नवी औषधे तर विशिष्ट जनुकदोषापुरतीच असतात. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले एटेप्लिर्सेन हे औषध ड्युशेनच्या ठराविक दोष असलेल्या रुग्णांसाठीच आहे. जनुकीय अहवाल हाती नसलेल्या रुग्णाला अशा औषधांच्या चाचण्यांचे दारही सहसा उघडत नाही.

याहून मोठा प्रश्न कुटुंबाचा आहे. ड्युशेनचा दोष आईकडून मुलाकडे येऊ शकतो. त्यामुळे आई, मावशी व बहीण यांनाही आपण वाहक आहोत की नाही हे कळणे आवश्यक ठरते. पुढील गर्भारपणात निर्णय घ्यावयाचा झाल्यास हीच माहिती आधार देते. लिंगनिदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेही अशा लिंगसंलग्न आनुवंशिक रोगांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करण्यास वाव ठेवला आहे. शिवाय सुमारे एकतृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. आपल्या समाजात मुलाच्या आजाराचे खापर आईच्या माथी फोडले जाते. तिला या निराधार दोषातून मुक्त करणारा कागद म्हणूनही त्या अहवालाचे मोल आहे. आणि ती वाहक ठरली, तरी निसर्गाचा तो योगायोग. त्यात तिचा अपराध कसला?

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत. २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने ‘उम्मीद’ उपक्रमाद्वारे आनुवंशिक रोगांसाठी निदान केंद्रे सुरू केली. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयासह काही संस्थांना उत्कृष्टता केंद्राचा दर्जा मिळाला. २०२२ मध्ये उपचारसाहाय्याची कमाल मर्यादा ५० लाख रुपये झाली. परंतु निश्चित निदानावाचून या साहाय्याच्या दारापर्यंत पोहोचणार कसे? विम्याची स्थितीही अशीच विसंगत आहे. २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विमा कंपन्यांना जनुकीय आजार सरसकट वगळता येत नाहीत. मात्र केवळ तपासणीसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास तो खर्च नाकारण्याची मुभा त्याच तत्त्वांत आहे. आयुष्मान भारत योजनेचे संरक्षणही मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेले आहे. म्हणजे रोग मान्य. पण तो ओळखण्याचा खर्च अमान्य!

ही गाठ सोडवता येण्याजोगी आहे. रुग्णाने महानगरात येण्याऐवजी जिल्हा रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. ड्युशेनचा संशय असल्यास जनुकाचे तुकडे गळले आहेत किंवा दुणावले आहेत काय, हे दाखवणारी तुलनेने स्वस्त चाचणी आधी करावी. तीत उत्तर न मिळाल्यासच महागड्या चाचणीकडे वळावे. अगरवाल समाजातील स्नायुक्षयाच्या एका प्रकारामागे प्रामुख्याने दोन विशिष्ट जनुकदोष असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. असे दोष माहीत असले म्हणजे शोध सोपा व स्वस्त होतो. मात्र प्रत्येक अहवालासोबत समुपदेशक हवाच. कारण काही निष्कर्ष संदिग्ध असतात आणि अर्धवट समजलेला अहवाल भीतीच वाढवतो.

विमा कंपन्यांनी व शासकीय योजनांनी बाह्यरुग्ण जनुकीय चाचणीचा खर्च मान्य करावा. विविध आस्थापनांनीही आपल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या यादीत तिला स्थान द्यावे. रुग्णांची संख्या थोडी असल्याने हा भार मोठा नाही. कर्ज मंजूर करण्यापूर्वी कागदपत्रे पारखण्याचा खर्च कोणतीही बँक वाया गेला असे मानत नाही. मग आयुष्यभराच्या उपचारांपूर्वी रोगाची ओळख पटवण्याचा खर्च तरी अनाठायी कसा ठरावा?