आपल्यात नगररचनाकार किती?

बारावीचा निकाल लागला की नयानगरमध्ये दारोदारी एकच प्रश्न असतो, मेडिकल, इंजिनीअरिंग की सीए? मी बी.प्लॅन.ला जाणार म्हटल्यावर शेजारच्या खालांनी विचारलं, "म्हणजे इंटिरियर ना ग? छान, मुलींना बरं असतं." अब्बांनी माझी बाजू घेतली, "नाही हो भाभी, बिल्डर लाइनचं शिक्षण आहे."

दोघांनाही दोष देत नाही. मला स्वतःला तेव्हा एवढंच माहीत होतं की बारावीला गणित लागतं आणि जेईईचा एक वेगळा पेपर असतो, २बी नावाचा. शहर कोण ठरवतं, रस्ता कुठून जाणार, शाळेची जागा कोणती, कब्रस्तानला जमीन कुठे सोडायची, हे कुणीतरी आधी बसून कागदावर काढतं, हा विचारच आमच्या घरात कधी झाला नव्हता. आमच्यासाठी शहर म्हणजे बिल्डर, नगरसेवक आणि दलाल.

खरं शिक्षण मात्र तिसऱ्या वर्षी, आमच्याच इमारतीच्या गच्चीवर झालं. इमारत १९८६ ची. ९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून जी कुटुंबं मीरा रोडला आली त्यांत आमचंही होतं. आता प्लास्टर पडतंय, सळया दिसतायत. एक बिल्डर रिडेव्हलपमेंटचा प्रस्ताव घेऊन आला. जादा कार्पेट, दोन वर्षांचं भाडं, कॉर्पस फंड, वर दोन लिफ्ट. बिर्याणीही त्याच्याकडूनच होती. सह्यांचा कागद फिरायला लागला तेव्हा मी विचारलं, "भाग नकाशा काढलाय का?" सेक्रेटरी चाचा प्रेमानेच म्हणाले, "बेटा, हे मोठ्यांचं काम आहे. तू बिर्याणी खा."

भाग नकाशा म्हणजे विकास आराखड्यातला आपल्या सर्व्हे नंबरचा तुकडा. पालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करून, फी भरून तो कुणालाही मिळतो. मी काढून आणला. आमच्या प्लॉटच्या एका कडेवरून आराखड्यातला रस्ता जात होता. रस्त्यात जाणाऱ्या जागेचा मोबदला टीडीआर म्हणून किंवा त्याच प्लॉटवर जादा एफएसआय म्हणून घेता येतो. प्रस्तावात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणजे तो फायदा कुणाच्या खिशात जाणार होता ते उघड आहे. मग सातबारा पाहिला. जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. कन्व्हेअन्स झालेलंच नाही! जी जमीन सोसायटीच्या नावावर नाही, ती आम्ही बिर्याणी खात खात देऊन टाकायला निघालो होतो. बिल्डर कन्व्हेअन्स देत नसेल तर मोफा कायद्याखाली उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, हेही त्या गच्चीवर कुणाला ठाऊक नव्हतं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सोसायटीच्या पुनर्विकासाची पूर्ण पद्धत दिलेली आहे. आधी सोसायटीने स्वतःचा सल्लागार, म्हणजे पीएमसी नेमायचा, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल घ्यायचा आणि मगच निविदा मागवायच्या. आमच्याकडे सगळं उलट्या क्रमाने चाललं होतं.

हे सगळं सांगते आहे कारण मीरा रोड, भाईंदरमध्ये अशा गच्च्या आता शेकड्याने भरणार आहेत. १९९१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पावणेदोन लाख होती, २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत घाईघाईने उभ्या राहिलेल्या इमारती एकाच वेळी म्हाताऱ्या होतायत. तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. कित्येकांकडे ओसी नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं या शहरात रिडेव्हलपमेंट आणि क्लस्टर याच दोन शब्दांवर जाणार आहेत, आणि आपल्या मोहल्ल्यात ते समजणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

बांधकामाच्या धंद्यात आपण कमी नाही. ठेकेदार आपले, दलाल आपले, सेंटरिंगवाले, फॅब्रिकेशनवाले, टाइल्सवाले आपले. सिव्हिल इंजिनीअरही बरेच. नयानगर मुळात एका मुस्लिम विकासकानेच वसवलं. पण नकाशा ज्या टेबलावर ठरतो तिथे आपण नसतो. बांधून झाल्यावर आपण त्यात राहायला जातो आणि मग तक्रार करतो की मैदान नाही, दवाखाना नाही, कब्रस्तानला जागा पुरत नाही.

महाराष्ट्रात हे सगळं १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने चालतं. मीरा-भाईंदरचा आधीचा विकास आराखडा १९९७ मध्ये मंजूर झाला. सुधारित आराखड्याचं प्रारूप २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि हरकती-सूचनांसाठी कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे ३० दिवस मिळाले. तीस दिवसांत कुणीही नागरिक साध्या कागदावर हरकत देऊ शकतो, आणि नियोजन समितीने त्याला सुनावणी द्यावी लागते. त्या महिन्यात माझ्या ओळखीच्या किती घरांत आराखडा उघडला गेला? मी विचारून पाहिलं. एकाही नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र रोज दोनशे मेसेज येत होते.

गोष्ट इथेच संपत नाही. आराखड्यात मैदान किंवा कब्रस्तान दाखवलं म्हणजे ते मिळालंच असं नसतं. दहा वर्षांत पालिकेने जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही मुदतीत काही झालं नाही तर आरक्षण रद्द होतं. कलम १२७. आपल्या वॉर्डातल्या कोणत्या आरक्षणाची मुदत कधी भरते, याची एक साधी वही एखाद्या मशिदीच्या कमिटीने किंवा तरुणांच्या मंडळाने ठेवली तरी खूप झालं. ती ठेवायला पदवीही लागत नाही. पण काय बघायचं ते शिकलेलं माणूस जवळ असलं की वही लवकर सुरू होते.

दुसऱ्यांचं बघून शिकायला लाज कसली? मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या भागात होणार होती. गावकरी उठले, नकाशे घेऊन बसले, घरं आणि शेती कुठे बाधित होते ते दाखवलं, आणि प्रस्ताव डोंगरीकडे वळला. मग डोंगरी, उत्तनच्या लोकांनी झाडांसाठी आवाज उठवला. त्यांच्या प्रत्येक मागणीशी सहमत असायची गरज नाही. पण ते प्रस्तावाच्या टप्प्यावरच बोलले. आपण बहुतेक वेळा पाडकामाच्या टप्प्यावर जागे होतो.

पाडकामाचा विषय निघाला आहे तर हैदरी चौक टाळता येणार नाही. जानेवारी २०२४ मधल्या त्या तणावानंतर दोनच दिवसांत तिथल्या दुकानांवर बुलडोझर चालला. निवडून केलेली कारवाई हा अन्याय आहे, त्याला दुसरं नाव नाही. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान १५ दिवसांची नोटीस आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय बांधकाम पाडता येणार नाही. हा निकाल आपल्यातले अनेक जण फॉरवर्ड करतात. त्यातली पुढची ओळ मात्र कमी जण वाचतात: रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी-नाला यांवरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही. म्हणजे आपलं शटर रस्तारेषेच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न पुन्हा नकाशावरच येऊन थांबतो. वकील कोर्टात उभा राहील, पण त्याच्या हातात मोजणीचा नकाशा कोण देणार?

एक आक्षेप नेहमी येतो. "शिकून करणार काय? बिल्डरचीच नोकरी ना?" करा की! डेव्हलपर होणं हराम नाही. महारेरात नोंदणी केलेल्या प्रकल्पात ग्राहकांच्या पैशातली ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावी लागते. हा नियम इमानदारीने पाळणारा विकासक आपल्यातून निघाला तर शेकडो कुटुंबांची दुआ लागेल. भेंडी बाजारात बोहरा समाजाच्या ट्रस्टने २००९ पासून सुमारे साडेसोळा एकरांत अडीचशे जुन्या इमारतींचा पुनर्विकास हातात घेतला आहे. त्याच्या गतीवर, पद्धतीवर टीका जरूर करा. पण एका समाजाने स्वतःचे वास्तुविशारद, इंजिनीअर, हिशेबनीस घेऊन मोहल्ला पुन्हा बांधायला काढला, एवढं तरी मान्य करावं लागेल.

आणि सरकारी नोकरी हवी असेल तर तीही आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या राज्यांच्या नगररचना विभागांत बारा हजारांहून जास्त नगररचनाकारांची गरज आहे; मंजूर पदं चार हजारांच्याही आत, आणि त्यातली जवळपास निम्मी रिकामी. आपल्याकडे सहायक नगररचनाकार एमपीएससीतून भरले जातात, सिव्हिलवाल्यांनाही ती परीक्षा देता येते. डिप्लोमावाल्यांसाठी रचना सहायकाची पदं निघतात. पुण्यात सीओईपी आहे, नागपुरात व्हीएनआयटी, अहमदाबादला सेप्ट, दिल्ली-भोपाळ-विजयवाड्याला एसपीए. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही काही संस्था एम.प्लॅन.ला घेतात, हे तर फारच कमी जणांना माहीत असतं.

फक्त एक विनंती. "आपल्या मोहल्ल्यासाठी" म्हणून या क्षेत्रात येऊ नका. नगररचनाकाराने उत्तनच्या कोळीवाड्याचा, भाईंदरच्या मिठागरातल्या मजुराचा आणि नयानगरच्या दुकानदाराचा हक्क एकाच पट्टीने मोजायचा असतो. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. वाटेवरून वाद झाला तर किती हात रुंद रस्ता सोडायचा, हे हदीसमध्ये आलेलं आहे. बाजार आणि रस्त्यांवर लक्ष ठेवणारा मुहतसिब मुस्लिम शहरांत शतकानुशतकं नेमला जायचा, आणि त्याच्या मापातून मुसलमान दुकानदारही सुटत नसे.

आमच्या इमारतीचं काय झालं, असं विचाराल. बिल्डर परत आला नाही. चार घरं माझ्यावर अजून नाराज आहेत, त्यांचं म्हणणं की चांगली ऑफर गेली. त्यांच्या स्वयंपाकघराचा स्लॅब खरंच वाईट अवस्थेत आहे, त्यामुळे मला उलट उत्तर देववत नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज दाखल झाला आहे. येत्या रविवारी इशानंतर सभा आहे, विषय पहिला: पीएमसीची नेमणूक. सेक्रेटरी चाचांनी या वेळी स्वतः फोन केला, "बेटा, तो नकाशा घेऊन ये. आणि जरा मोठ्या कागदावर काढ, मागच्यांना दिसत नाही."