डब्यात मासे सोडण्याआधी

परवा एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. हॉलमध्ये ऐटीत मांडलेला जुना टीव्ही, लाकडी कॅबिनेट, सरकतं शटर. मी एकदम खूष! जवळ जाऊन बघतो तर आत मासे. पिक्चर ट्यूब काढून साहेबांनी फिश टँक बसवलाय. "चालू होता रे," मित्र म्हणाला, "पण आता त्यावर दिसणार काय?"

झालं, माझं डोकं फिरलं. त्याला तिथे बोललो नाही (जेवायला बोलावलं होतं), म्हणून इथे लिहितोय. त्याच्यासाठी, आणि "जुना टीव्ही आता कशाला चालतोय" असं ठोकून देणाऱ्या समस्त आयटीवाल्यांसाठी.

आधी त्याचं खरं ते मान्य करतो. मुंबईतलं केबल २०१२ मध्येच डिजिटल झालं. प्रसार भारतीनेही २०२२ च्या मार्चपर्यंत मोजके सोडून बाकीचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद करत आणले. तेव्हा गच्चीवर जाऊन अँटेना कितीही फिरवा, बहुतेक ठिकाणी मुंग्याच दिसणार.

पण म्हणून संच मेला का? अजिबात नाही. संचाला एव्ही इनपुट असेल तर त्याला लागतो फक्त एक व्होल्टचा व्हिडिओ सिग्नल. तो सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या पिनेतून मिळतो. डीडी फ्री डिश लावलीत तर महिन्याचे पैसेही नाहीत. लॅपटॉप जोडायचाय? एचडीएमआयचं एव्ही करणारी छोटी डबी घ्या आणि तिचं बटण पालवर ठेवा. संच आणखी जुना, नुसत्या अँटेनाच्या सॉकेटचा असेल तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर लावा. फक्त तो व्हीएचएफवर सिग्नल देतो ना, ते बघून घ्या. बरेच जुने संच तेवढंच पकडतात.

आता खरा मुद्दा. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा घरोघरचे ब्लॅक अँड व्हाईट संच बाद झाले नाहीत. कारण पाल पद्धतीत प्रकाशाची माहिती जुन्याच जागी ठेवली होती आणि रंग वेगळ्या उपवाहक लहरीवर चढवला होता. जुन्या संचाने रंगाकडे दुर्लक्ष केलं आणि चित्र दाखवत राहिला. याला म्हणतात बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी!

आणि आपण काय केलं? २०१५ च्या एप्रिलमध्ये यूट्यूबने आपला जुना एपीआय बंद केला. २०१२ च्या आणि त्याआधीच्या कितीतरी स्मार्ट टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. पॅनेल ठणठणीत, रिमोट ठणठणीत, पण अ‍ॅप गेलं. तीन वर्षांत! "सपोर्ट संपला" हे वाक्य मीही रिलीज नोट्समध्ये निर्लज्जपणे लिहिलंय. तेव्हा 'कालबाह्य' हा शब्द वापरताना जरा जपून. वस्तू बहुतेक वेळा आपणहून कालबाह्य होत नाही, कुणीतरी तिला तसं ठरवतं.

आक्षेप माहितीयत. तेवढ्याच आकाराच्या एलईडीपेक्षा वीज जास्त खातो, खरंय. ६२५ रेषांच्या चित्रात आजच्या क्रिकेटचा बारीक स्कोअर वाचताना डोळे किलकिले होतात, हेही खरं. तो रोज चार तास लावा असं मी म्हणतच नाही. जुन्या मालिका, जुने सिनेमे, जुने व्हिडिओ गेम यांना मात्र चारास तीन आकाराचा तो पडदा अगदी मापाचा बसतो.

फक्त एक कळकळीची विनंती: वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला संच थेट प्लगला लावू नका. आतले कपॅसिटर सुकलेले असतात. आणि मागचं झाकण तर स्वतः उघडूच नका. बंद केल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. जुना मेकॅनिक शोधा. कोपऱ्यावरच्या रेडिओ रिपेअरवाल्याला विचारा, तो नाहीतर त्याचा गुरू निघेलच. आणि संच खरोखरच गेला असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ती भंगारात फोडायची वस्तू नाही.

बाकी मित्राच्या समोरच्या भिंतीवर ५५ इंची स्मार्ट टीव्ही लटकतोय. काही वर्षांनी त्याचाही सपोर्ट संपेल. तेव्हा त्याचं काय करणार, हे मला बघायचंय.

कारण त्यात मासेही मावणार नाहीत.